कुलुपापासून खुर्चीपर्यंत

परवा तू फोनवर म्हणालीस, "मावशी, मांजरीत फ्लॅट बघितलाय, तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर." ऐकून मला काय वाटलं ते तुला सांगायला नको. तुझी आई गेल्यापासून तू जवळ असावीस असं मला रोज वाटतं. पण फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की तू चौरस फूट सांगितलेस, हप्ता सांगितलास, पूर्वेची खिडकी आणि सातवा मजलाही सांगितलास. तू खराडीला आणि जावईबापू हिंजवडीला किती वाजता पोहोचाल, हे काही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, आनंदात राहून गेलं. म्हणून आज सवडीने लिहिते. बुकिंगचा चेक देण्याआधी दोघांनी मिळून वाच.

आमचंच आधी सांगते. हे घर आम्ही १९९३ साली कर्ज काढून बांधलं. तुझ्या काकांची कंपनी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत होती, सायकलवर वीस मिनिटं. माझी कचेरी पुणे स्टेशनजवळ, आणि मांजरी स्टेशनावरून दौंड-पुणे शटल मिळायची. दोघांची सोय बघूनच जागा धरली होती, आणि चार वर्षं सगळं छान चाललं. मग कंपनी चाकणला गेली. सकाळी पावणेसहाला हडपसरच्या गाडीतळावरून कंपनीची बस, आणि रात्री घरात पाऊल पडेपर्यंत नऊ. माझी लेक, तुझी ताई, तेव्हा तिसरीत होती. ती उठायच्या आधी बाबा गेलेले असायचे आणि ते यायच्या आत ती झोपलेली. तिने एक युक्ती काढली. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ती बाबांना चिठ्ठी लिहून ठेवायची, आणि रात्री जेवताना काका तिथेच उत्तर लिहायचे. बाप-लेकीचं बोलणं दीड वर्ष वहीच्या मागच्या पानांवर चाललं. त्या वह्या मी जपून ठेवल्यात. कुणी घर घ्यायला निघालं की मला आधी त्या आठवतात.

त्यातून मी शिकले ते हे की घर हलत नाही, नोकरी हलते. तुमच्या क्षेत्रात तर आमच्यापेक्षा लवकर हलते. आज जावईबापू हिंजवडीत आहेत, तीन वर्षांनी कल्याणीनगरला असतील किंवा मगरपट्ट्यात. तू आज खराडीला आहेस, उद्या बाणेरला जाशील. म्हणून एका कंपनीच्या फाटकाजवळ घर बघू नकोस. जिथून दोन-तीन दिशांना बऱ्यापैकी जाता येतं अशी जागा बघ. आणि चूक झाली तर घर बदलू, असं म्हणू नकोस. पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के जातं. साठ लाखांच्या घराला चार लाख वीस हजार, वर नोंदणीचे तीस हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, तेवढी जरूर घे. पण घर बदललंस तर हे सगळं पुन्हा भरायचं, शिवाय दलाली आणि सामान हलवायचा खर्च. साडेचार-पाच लाख नुसते रस्ता चुकल्याचे.

आता मोजायचं कसं ते सांगते. कारण बहुतेक लोक चुकीचंच मोजतात.

साईटवरचा मुलगा तुला म्हणाला असेल, "मॅडम, खराडी फक्त पंधरा मिनिटं." तो खोटं बोलत नाही. रविवारी सकाळी दहा वाजता तो तुला गाडीतून घेऊन गेला तर पंधरा मिनिटंच लागतील. पण तू रविवारी सकाळी दहा वाजता कामाला जाणार नाहीस. गुरुवारीही मोजू नकोस. पुण्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रस्ता त्या दिवशी थोडा मोकळा वाटतो. सोमवारी आणि शुक्रवारी तुमच्यातले बरेच लोक घरून काम करतात. मोजायचं ते मंगळवारी किंवा बुधवारी. सकाळी साडेआठला इथून निघायचं, संध्याकाळी साडेसहाला तिथून. आणि पावसाळ्यातला एक दिवस वेगळा मोजायचा. जुलैच्या संध्याकाळी मुंढव्याच्या चौकात उभी राहिलीस की ती पंधरा मिनिटं तुझी तुलाच उलगडतील.

मोजणी कुलुपापासून खुर्चीपर्यंत करायची. घराला कुलूप लावलं तेव्हा घड्याळ सुरू आणि तू आपल्या खुर्चीत बसलीस की बंद. लिफ्टची वाट बघणं, तळघरातून गाडी काढणं, सोसायटीच्या दारातून रस्त्यावर शिरायला मिळणं, तिकडे गाडी लावायला जागा शोधणं, पुन्हा लिफ्ट, हे सगळं त्यात धरायचं. मोठ्या सोसायट्यांत नुसतं दारातून मुख्य रस्त्यावर येईपर्यंत सकाळी दहा मिनिटं जातात. दारापासून दारापर्यंत मोजणारे ही दहा मिनिटं विसरतात आणि पुढे वीस वर्षं रोज भरतात.

सरासरीने मन भुलवू नकोस. महिन्यात पंधरा दिवस पन्नास मिनिटं आणि सात दिवस पावणेदोन तास लागत असतील, तर तुझा दिवस पावणेदोन तासांच्या हिशोबानेच बेतावा लागतो. पाळणाघर सातला बंद होतं, ते तुझी सरासरी बघत नाही. सकाळची मीटिंगही थांबत नाही. फोनवरच्या नकाशात पोहोचायची वेळ टाकली की तो तुला "चाळीस ते पंचाहत्तर मिनिटं" असं काहीतरी दाखवतो. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात. तुझा आकडा दुसरा.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. टॉमटॉम ही नकाशाची कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांची वाहतूक मोजते. २०२४ च्या त्यांच्या यादीत पुणे जगातल्या सगळ्यात संथ शहरांत चौथं होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटं. ही दिवसभराची सरासरी आहे, त्यात रात्रीचे मोकळे रस्तेही आले. त्या हिशोबाने मांजरी ते हिंजवडी करून बघ. तीस किलोमीटर धरले तरी एक तास चाळीस मिनिटं एका बाजूने. गर्दीच्या वेळी त्याहून जास्तच.

पूर्वी आम्ही अंतर किलोमीटरमध्ये सांगायचो, त्यात आमची चूक नव्हती. तेव्हा किलोमीटर आणि मिनिटं एकमेकांबरोबर चालायची. आज मांजरीहून उरुळी कांचन पुष्कळ लांब आहे, पण सोलापूर रस्ता मोकळा असला की फातिमानगरला जायला लागतो त्याहून कमी वेळ उरुळीला लागतो. मुंबईची माणसं हे फार आधी शिकली. तिथे १८५३ पासून रेल्वे आहे, म्हणून कुणी घर सांगितलं की ते विचारतात, स्टेशनपासून किती मिनिटं आणि कुठली लोकल? किलोमीटर कुणी विचारत नाही. आपल्याला पुण्यात ही सवय लावून घ्यायला हवी.

आता पैशांचं. तू म्हणालीस की हा फ्लॅट बाणेरकडच्या फ्लॅटपेक्षा दहा लाखांनी स्वस्त पडतो. चल, मांडून बघू. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर दर लाखाला महिन्याचा हप्ता साधारण ८६८ रुपये बसतो. दहा लाखांचे झाले ८,६८०. आता जावईबापूंची गाडी. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे १,३२० किलोमीटर. गर्दीत गाडी लिटरला पंधराच्या वर देत नाही. झालं अठ्ठ्याऐंशी लिटर पेट्रोल, म्हणजे महिन्याला नऊ हजारांच्या आसपास. गाडीची झीज, सर्व्हिसिंग, टायर यांतलं काहीच मी धरलेलं नाही. स्वस्त मिळालेले दहा लाख पेट्रोलपंपावर पूर्ण गेले. फरक एवढाच की हप्ता वीस वर्षांनी संपतो आणि घर तुझं होतं. पेट्रोलचा हप्ता संपत नाही. घराची किंमत सांगताना रस्त्याचा हप्ता तिच्यात मिळवल्याशिवाय ती किंमत पुरी होत नाही.

आणि वेळ. रोज जाऊन-येऊन दीड तास जादा लागला तर महिन्याला तेहतीस तास, वर्षाला ३९६ तास. दिवस-रात्र धरून साडेसोळा दिवस. वीस वर्षांच्या कर्जात ३३० दिवस, जवळजवळ एक वर्ष माणूस स्टिअरिंगवर बसून राहतो. तुझ्या काकांच्या चाकणच्या वर्षांचा असा हिशोब मी एकदा केला आणि कागद घडी करून ठेवून दिला. त्यांना दाखवला नाही.

ताईने मला मागे एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. झुरिकच्या आलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. माणूस लांबचा प्रवास पत्करतो तेव्हा मनात म्हणतो, घर मोठं मिळतंय, पगार बरा आहे, भरून निघेल. त्यांना दिसलं की ते भरून निघत नाही. जास्त प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. मला ते लगेच पटलं. मोठ्या घराची आपल्याला सहा महिन्यांत सवय होते. मग ती जादा खोली खोलीच राहते, तिचं कौतुक उरत नाही. ट्रॅफिकची मात्र सवय होत नाही, कारण तो रोज वेगळा असतो. आज मुंढव्याला, उद्या रामटेकडीला, परवा अपघात, तेरवा पाऊस.

चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लिहिलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, दिवसाला साधारण तासभरच तो आनंदाने प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं की तो लांब जाऊन राहतो, पण तास तेवढाच. आपलं जुनं पुणं आठव. शनिवारवाड्यापासून भवानी पेठेपर्यंत चालत अर्धा-पाऊण तास. गाव तेवढंच वाढलं होतं, जेवढं पायाला झेपत होतं. माझा स्वतःचा नियमही मी तासाच्या आसपासच ठेवला आहे: जाऊन-येऊन सव्वा तास असेल तर घर चांगलं, दोन तासांपर्यंत सोसता येतं, त्यापुढे घरात माणूस राहत नाही, फक्त झोपायला येतो.

आता मांजरीबद्दल खरं खरं सांगते. इथे चाळीस वर्षं काढलीत, तेव्हा गावावर प्रेम आहे आणि म्हणूनच लपवणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे ऊस, द्राक्षं आणि कालव्याचं पाणी होतं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच. द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच, त्यांनी द्राक्षांच्या वाणांना 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' अशी गावाचीच नावं दिली. रस्ते मात्र तेव्हा बैलगाडीच्या मापाचे होते. शेतं विकली गेली, इमारती उभ्या राहिल्या, आणि रस्ते त्याच पाणंदींवरून गेले. ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत तेवीस गावं आली, त्यांत मांजरी बुद्रुक होती, शेजारची शेवाळेवाडी होती, नदीपलीकडची वाघोली होती. कर महापालिकेचा लागला, पण रुंद रस्ता एका रात्रीत येत नसतो. आराखड्यात रेघ असते, जमिनीवर अजून कुणाची तरी बांधाची भिंत असते.

म्हणून ब्रोशरमध्ये "प्रस्तावित चोवीस मीटर रस्ता" लिहिलेलं दिसलं की मला ते वाचून दाखवू नकोस. त्या रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहा. जिथे डांबर संपतं आणि कुणाचं तरी शेत लागतं तिथे विचार, ही जमीन ताब्यात आली का? शेतकरी खरं सांगतो. आज ज्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर जातो, तेवढाच रस्ता आहे असं धर.

मेट्रोचंही तसंच. पुणे मेट्रोची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ ला झाली. पहिला टप्पा धावला ६ मार्च २०२२ ला, आणि जमिनीखालून स्वारगेटला गाडी पोहोचली २९ सप्टेंबर २०२४ ला. काम सुरू झाल्यावरही पावणेआठ वर्षं. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला या मार्गाला केंद्राची मंजुरी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली. चांगलं आहे, मला मनापासून आनंद आहे, आणि तो मार्ग झाला तर हडपसरचं रूपच बदलेल. पण ती मेट्रो तुझ्या मुलाच्या शाळेच्या उपयोगाची, तुझ्या आजच्या नोकरीच्या नव्हे. तिच्या नावाने आज चौरस फुटाला जादा पैसे मोजायचे नाहीत. आज आपल्याला सगळ्यात जवळची चालू मेट्रो रामवाडीची, आणि तिथे जायलाही नदी ओलांडून खराडी पार करावी लागते.

आपल्याकडे खरी असलेली गोष्ट म्हणजे रेल्वे. दौंडची शटल. मी त्या शटलने बत्तीस वर्षं कचेरीला गेले. २०१७ पासून डेमू धावू लागली. मांजरीवरून पुणे स्टेशन, आणि आता स्टेशनासमोर मेट्रो. ज्याची नोकरी पुणे स्टेशन, शिवाजीनगर, सिव्हिल कोर्टाच्या आसपास आहे त्याला मांजरीसारखं गाव नाही, असं मी आजही म्हणेन. रेल्वे मुंढव्याच्या चौकात अडकत नाही. पण गाड्या दिवसाला मोजक्या. एक चुकली की पुढच्या गाडीसाठी स्टेशनावर बसून राहायचं, आणि संध्याकाळी वरिष्ठांनी पाच वाजता नवीन फाईल हातात दिली की पोटात गोळा यायचा. गाडीच्या वेळापत्रकावर नोकरी करता येते का, हे आधी स्वतःला विचारायचं. तुमच्या कामाच्या वेळा बघता तुला जमेल असं मला वाटत नाही.

वाहन बदलायचं असेल तर प्रत्येक बदलाला पंधरा मिनिटं धर. रिक्षातून उतरणं, जिना, रांग, वाट बघणं. हिंजवडीसाठी कुणी तुला सांगेल, शटलने पुणे स्टेशन, तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथून पुढे हिंजवडीची मेट्रो. कागदावर सुंदर दिसतं. दोन बदल म्हणजे अर्धा तास नुसता उभ्याने.

खराडीचं तुझं तसं नाही. केशवनगरवरून मुंढवा आणि पुलावरून खराडी, दहा किलोमीटरच्या आत. मुंढव्याला अडकशील हे नक्की. पण आपल्याला दुसरी वाटही आहे, नदी ओलांडून मांजरी खुर्दवरून वाघोलीकडे. ती लांबची आहे, तरी आहे. घर बघताना ही गोष्ट जरूर बघ: दुसरी वाट आहे का? ज्या वस्तीला बाहेर पडायला एकच तोंड असतं तिथे एक ट्रक बंद पडला की सगळ्यांचा दिवस गेला. आमच्या रेल्वे फाटकाने हे आम्हाला शिकवलं. आता तिथे उड्डाणपूल झाला, पण तो व्हायच्या आधी मालगाडी येऊन थांबली की दोन्ही बाजूंना रांगा लागायच्या. ताईच्या दहावीच्या पेपरला आम्ही एक तास आधी फाटक ओलांडून ठेवलं होतं. पूल होईल होईल असं आम्ही कितीतरी वर्षं ऐकत होतो, तेही लक्षात ठेव.

वर्षातले काही दिवस मात्र मोजणीत धरायचे नाहीत. तुकोबांची पालखी हडपसरहून लोणी काळभोरला जाते तेव्हा सोलापूर रस्ता बंद असतो, आणि अंगारकीला थेऊरच्या चिंतामणीची गर्दी असते. पालखीच्या दिवशी कामावर जायचा विचारच करू नकोस, रजा काढ. आपण वारकऱ्यांना चहा द्यायला रस्त्यावर असतो.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या दोघांच्या दिशा उलट्या आहेत, एक पूर्व, एक पश्चिम. अशा वेळी लोक म्हणतात, मधोमध घर घेऊ, दोघांना सारखा त्रास. ऐकायला न्याय वाटतो. पण दोघंही सव्वा-सव्वा तास लांब असाल तर मूल आजारी पडल्यावर शाळेतून आणायला कुणीच जवळ नसतं. निदान एकाला अर्ध्या तासात घरी पोहोचता येईल असं असावं, हे माझं ठाम मत आहे.

मात्र जो जवळ असतो त्याच्यावर घर पडतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काका चाकणला, मी शटलने अर्ध्या तासावर. म्हणून गॅसचा सिलिंडर माझा, शाळेची मीटिंग माझी, सासूबाईंचं दवाखान्यात नेणं माझं, लाईट बिल, प्लंबर, पाहुणे, सगळं माझं. कुणी ठरवलं नव्हतं आणि काकांचा दोषही नव्हता, ते घरातच नसायचे. १९९९ साली मला बढती देऊ केली होती. त्यासाठी दोन वर्षं सातारला जावं लागलं असतं. मी नाही म्हणाले, कारण मी गेले असते तर घरी कुणीच नव्हतं. ही बढती कंपनीच्या बसने नेली असं मी आजही म्हणते.

तेव्हा मांजरीत घर घेतलंत तर तू जवळची होशील आणि ते लांबचे. घराचा करार करण्याआधी हा करार करा. जावईबापूंना समोर बसवून विचार: शनिवार-रविवारी घरातलं काय-काय तुमचं? आठवड्यातले कुठले दोन दिवस तुम्ही घरून काम करून मुलाला शाळेत सोडाल? आणि पुढची नोकरी शोधताना तुम्ही हडपसर, मगरपट्टा, खराडी बघाल की पुन्हा हिंजवडीच? ते समजूतदार आहेत, ऐकतील. पण विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगत नसतं.

बाईच्या नजरेने अजून एक. रात्री साडेनऊला थांब्यावर उतरून सोसायटीच्या दारापर्यंत एकदा चालून बघ. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, कुत्री किती, शेअर रिक्षा त्या वेळी मिळते का की नुसता ओलावर भरवसा. हा रस्ता दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा असतो. माझ्या वेळी स्टेशनापासून घरापर्यंत उसातून वाट होती, आणि हिवाळ्यात सहाची शटल धरली तरी अंधार व्हायचा. रोज हातात विजेरी घेऊन कामाला जाणारी मी एकटी नव्हते, आम्ही सात-आठ जणी होतो. पण तुझ्यासोबत सात-आठ जणी नसतील.

घर आणि काम जवळ असलं की काय होतं ते बघायचं असेल तर लांब जायला नको. मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि तिच्यावर घरं, शाळा आणि कचेऱ्या सोबत बांधल्या. तिथे राहून तिथेच कामाला चालत जाणारी माणसं मी ओळखते. त्यांची घरं महाग आहेत. पण संध्याकाळी सहा वाजता ती बागेत मुलांबरोबर असतात, आणि ते महागात मोजायचं की स्वस्तात, हे तुझं तू ठरव.

माझं मत विचारशील तर असं. आज, जावईबापू रोज हिंजवडीला जात असताना, मांजरीत घर विकत घेऊ नका. तू माझ्याजवळ यावीस म्हणून मी रात्री देवाजवळ मागते, तरी हे सांगते. अकरा महिन्यांच्या करारावर इथे भाड्याने राहून बघा. किंवा येरवडा, खडकी, बोपोडी असं मेट्रोच्या आसपास कुठेतरी भाड्याने राहा, तिथून दोघांनाही रस्ता मिळतो. त्यांना आठवड्यातून तीन दिवस घरून काम मिळालं, किंवा पूर्वेकडची नोकरी लागली, तर मांजरीत त्याच महिन्यात बुकिंग करा. मी स्वतः येईन साईटवर. दोन वर्षांत भाव वाढतील अशी भीती तो एजंट घालेल. वाढू देत. वाढलेला भाव एकदाच भरायचा असतो.

आणि तरीही मन इथेच धावत असेल तर येत्या मंगळवारी रात्री दोघं मुक्कामाला या. बुधवारी सकाळी इथूनच कामावर निघा, संध्याकाळी इथेच परत या. जावईबापूंना सव्वासातला निघावं लागेल. डबा मी भरून ठेवते. कुलूप लावताना किती वाजले ते लिहून घ्यायला विसरू नका.